वर्गात मराठी बंद

कल्याण, सोमवार, २ ऑगस्ट १९५४

वर्ग सुरू झाला एकदाचा. गोदूबाई भोईरांच्या ओटीवर, दुपारी तीन वाजता, नऊ बायका. मी दहा धरल्या होत्या, पण दहावीला नवऱ्याने अडवलं म्हणे. अडवू दे. एक दिवस तोच तिला सोडायला येईल.

मुंबईला सुट्टीत जो कोर्स केला, त्यात शिकलेलं आता करून दाखवायचं आहे. ठाण्याच्या सकाळच्या शाळेत मला ते कोणी करू देत नाही. हेडमास्तर म्हणतात, "शालिनीबाई, मुलींना परीक्षेला बसायचंय, तुमचे प्रयोग नकोत." तिथे अजून तेच जुनं चालू आहे. एक इंग्रजी वाक्य, त्याचं मराठी, मग व्याकरण, मग घोकंपट्टी. मुलगी मॅट्रिक होते, पण तहान लागली तर इंग्रजीत पाणी मागता येत नाही. माझी प्रत्यक्ष पद्धती. वस्तू दाखवायची, कृती करायची, वाक्य बोलायचं, बस्स. मूल आईकडून भाषा शिकतं ते काय भाषांतर करून शिकतं? पहिल्याच दिवशी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ठळक नियम लिहिला: वर्गात मराठी बंद. लिहावा मात्र मराठीतच लागला, नाहीतर वाचला कोणी असता!

ओटी गोदूबाईंची, फळाही त्यांनीच आणवला. मला वाटलं, त्या नुसत्या जागा देतील आणि आत कामाला जातील. त्या तर सगळ्यांत पुढे येऊन बसल्या. माहेर कळव्याच्या मिठागरांवरचं, सासर इथल्या भातशेतीचं. आता शेतात चाळी उठल्या आणि बाई घरमालकीण झाल्या. मला म्हणाल्या, "माज्या चालीत दोन मद्रासी बिऱ्हारं हान. नलावर भांडाला आल्या का विंग्रजीत भांडतान. मना समजत नाय, ना जवाब देता येत नाय. आता मी पन भांडनार."

पण खरी विद्यार्थिनी मालन जगदाळे. मॅट्रिक झालेली, चोवीसच्या आतबाहेरची, बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते. टेलिफोन खात्यात ऑपरेटरच्या जागा निघणार आहेत. डिसेंबरात मुलाखती, त्याही इंग्रजीतून. तिला ती जागा हवीच आहे. का, असं विचारलं तर म्हणाली, "घरी बसून कंटाळा येतो, बाई." नवरा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा, आता नाशिकच्या मोठ्या छापखान्यात लागला आहे. घरात ही आणि सासू. मी म्हटलं, "मालन, ही जागा तुला मिळवून देते. माझा शब्द." शब्द देऊन बसले खरी. आता मागे हटायचं नाही.


गुरुवार, ५ ऑगस्ट

वस्तूंचा पाठ. पिशवीतून पुस्तक, छत्री, वाटी, चमचा काढत गेले. "धिस इज अ बुक." "धिस इज ॲन अंब्रेला." सगळं झकास चाललं होतं, तोच गोदूबाई उठून आत गेल्या आणि विळी घेऊन आल्या. "वॉट इज धिस?"

प्रश्न अगदी शुद्ध. उत्तर मला येईना. विळीला इंग्रजी काय? साहेबाची बाई उभी राहून सुरीने चिरते, तिच्या घरात विळी असेल कशाला? मग पोळपाट निघाला, सूप निघालं, मुसळ निघालं. शेवटी ठणकावून म्हटलं, "धिस इज अ विळी." सगळ्या एका सुरात, "धिस इज अ विळी!" अशा खूश झाल्या की विचारू नका.

घरी आल्यावर विचार करत बसले, नियम मोडला का म्हणून. मोडला नाही. नाव म्हणजे भाषांतर नव्हे.


शुक्रवार, १३ ऑगस्ट

पद्धत जिंकते आहे! काल "देअर इज, देअर आर" घेतलं. मडक्यात पाणी आहे, कोनाड्यात दिवा आहे. वर्ग सुटला तेव्हा एकीलाही काही कळलेलं दिसत नव्हतं, हे मी मान्य करते. आणि आज येऊन बघते तर सगळ्यांना येतंय! तुळसा, जी तोंड उघडायला लाजून मरते, ती म्हणाली, "देअर इज अ कॅट इन द किचन." होतीच मांजर. मराठीचा एक शब्द मी उच्चारला नाही. भाषा आपोआप मुरते, असं कोर्सला सांगायचे, ते खोटं नव्हतं. हेडमास्तरांना आणून दाखवावंसं वाटलं.

हल्ली बायका वर्गाच्या बऱ्याच आधी येऊन विहिरीपाशी बसतात. मी कोपऱ्यावर दिसले की बोलणं एकदम थांबतं आणि मालन हात पाठीमागे घेते. विहिरीच्या कठड्यावर खडूच्या रेघोट्या असतात, शेजारची पोरं गिरवत असतील. माझा धाक बसलाय म्हणायचा. थोडा हवाच.


सोमवार, ६ सप्टेंबर

मालनचं एक गुपित कळलं आणि हसू आलं. वर्ग संपला की ती मागे रेंगाळते आणि गोदूबाईंकडून अंडी घेते, कापडात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवते. सासू माळकरी! घरात कांदासुद्धा चतुर्मासात चालत नाही म्हणे. म्हणजे पोरगी चोरून अंडी खाते. खा बाई, खा. आमच्याकडे तर अंड्यांशिवाय रविवार उजाडत नाही, मी कशाला नावं ठेवू?

पण तिची तब्येत काही सुधारत नाही, उलट गालफडं बसली आहेत.

दुसरी गोष्ट मात्र मला पटत नाही. दर दोन आठवड्यांनी रविवारी ती पहाटेच्या पॅसेंजरने नाशिकला जाते, संध्याकाळी परत येते. हाच माणूस का येत नाही? नाशिक म्हणजे काय विलायत आहे? गणपतीला आला नाही, गौरीलाही आला नाही. बायकोने तिकडे हेलपाटे घालायचे आणि याने तिथे छापखान्यात बसून साहेबी करायची. मी हा दौलत जगदाळे बघितलेला नाही, पण मला तो आवडत नाही.


मंगळवार, १४ सप्टेंबर

मुलाखतीची तयारी म्हणून आज ओळख करून देणं घेतलं. "माय नेम इज." झालं. "माय फादर्स नेम इज." झालं. "माय हजबंड्स नेम इज..." आणि गाडी तिथेच अडली.

मला आधीच सुचायला हवं होतं. नऊच्या नऊ बायका खाली मान घालून बसल्या. नवऱ्याचं नाव असं कोरडं कसं घ्यायचं? मी इंग्रजीत खूप समजावलं, हातवारे केले, चिडलेसुद्धा. एक जण हलेना. टेलिफोन खात्याचा साहेब काय यांना हळदीकुंकवाला बोलावणार आहे?

मग गोदूबाई उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर घेतला, घसा खाकरला, आणि म्हणाल्या:

"राइस इन द फील्ड, सॉल्ट इन द सी,
काळुराम इज अँग्री विथ मी!"

आम्ही सगळ्या हसून हसून लोळलो. आत काळुरामशेठ जेवत होते, त्यांना ठसका लागला. शब्द सगळे त्यांना येत असलेलेच, माझ्या पाठांतले. पण नाव घ्यायची रीत मी शिकवलेली नव्हती. मग तर बांधच फुटला. तुळसाने, लाजऱ्या तुळसाने, नाव घेतलं: "मिल्क इन द पॉट, टी इन द कप, धाकू इज स्लीपिंग, आय वेक हिम अप." मी टाळ्या वाजवल्या. कोर्सच्या पुस्तकात हे कुठेही नाही.

मालन शेवटी उठली. "ट्रेन इन द स्टेशन, बॅग इन माय हँड..." एवढं म्हणाली आणि थांबली. सगळ्या वाट बघत राहिल्या. ती खाली बसली.

जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तीच अडली. पण मला कारण कळलं आहे. नवऱ्यावर रुसली आहे ती. रुसण्यासारखाच आहे तो. तरी मुलाखतीत रुसून चालणार नाही. मी हे वाक्य तिच्याकडून वदवून घेणार.


गुरुवार, ३० सप्टेंबर

रोज वर्गानंतर मालनला थांबवून घेते. बाकी सगळं उत्तम. टेलिफोनवर बोलायची वाक्यं तिने माझ्यापेक्षा गोड आवाजात उचलली आहेत: "नंबर प्लीज", "द लाईन इज एंगेज्ड", "प्लीज होल्ड द लाईन". पण मी "वॉट इज युवर हजबंड्स नेम?" विचारलं की तोंडाला कुलूप. दुसऱ्या शब्दांत विचारून बघितलं. मध्येच अचानक विचारून बघितलं. लिहून दाखवते, पण बोलत नाही. मीही हटणार नाही आणि तीही हटत नाही. दोघींपैकी कोणाचा हट्ट मोठा, ते डिसेंबरच्या आत कळेल.


मंगळवार, १२ ऑक्टोबर

आज माझा तोल गेला. खोटी मुलाखत ठेवली होती. मी साहेब झाले, खुर्चीवर बसले. पहिलाच प्रश्न नावाचा, दुसरा नवऱ्याच्या नावाचा. मालन गप्प. मी पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "स्पीक! से समथिंग!"

तिचे डोळे भरून आले. ती काहीतरी बोलणार होती, मी बघितलं. तोंड उघडलंसुद्धा होतं. मग तिची नजर माझ्या डोक्यावरून फळ्यावर गेली, वरच्या कोपऱ्यात, आणि तिने तोंड मिटलं. पिशवी उचलली आणि निघून गेली. अंडीही न घेता गेली.

गोदूबाई ओटीच्या खांबाला टेकून सगळं बघत होत्या. मला म्हणाल्या, "शालू, तू लय शिकलेली हाईस. पन तिला यकदा मराठीत इचार ना गो." नियम मोडला म्हणून मी त्यांच्याकडे रागाने बघितलं. त्यांनी त्याची काडीची पर्वा केली नाही.


शनिवार, १६ ऑक्टोबर

मालन वर्गाला यायची थांबली म्हणून आज तिच्या घरी गेले. चांगलं खडसावायचं ठरवून गेले होते. पारनाक्याच्या आतल्या गल्लीत दोन खोल्या आहेत. दार उघडं होतं, हाक मारली तर परसातून आवाज आला, "कोण हाय? हिकडं या."

परसात तीन दगडांची चूल मांडलेली. तिच्यासमोर मालनच्या सासूबाई, रंगूबाई, उकिडव्या बसलेल्या. गळ्यात तुळशीची माळ, नाकावर पदर गच्च दाबलेला, आणि चुलीवर पातेल्यात अंडी उकडत होती.

त्या म्हणाल्या, "बसा बाई. वास येतोय ना? मलाबी सोसत न्हाई. पर डाक्टरनं सांगितलंय, अंडी द्यायचीच. उद्या ऐतवार, मालन त्येच्याकडं जाताना घिऊन जाईल. उकडून मी देती. माळ माझी हाय, ल्येकानं कशापायी मरायचं?"

मग मालन बाहेर आली आणि सगळं कळलं. दौलत नाशिकला छापखान्यात नाही. नाशिकच्या पुढे माळावर क्षयाच्या रोग्यांचा दवाखाना आहे, तिथे तो मार्चपासून आहे. गल्लीत कळलं तर कोणी दारात उभं करणार नाही, घरही सोडावं लागेल, म्हणून छापखान्याची गोष्ट रचली. त्याचा पगार कधीच थांबला आहे. टेलिफोनची जागा तिला कंटाळा घालवायला नको होती. ती मिळाली नाही तर त्याला औषध अर्धवट सोडून घरी आणावं लागेल, आणि घरी आणलं की काय होईल ते सांगायला कोणी लागत नाही.

मी विचारलं, मराठीत विचारलं, "आणि नाव?"

"दुर्गाडीच्या देवीला बोलून बसलेय, बाई. ते बरे होऊन येईपर्यंत नाव तोंडाने घेणार नाही म्हणून. नाव घेतलं की आयुष्य कमी होतं म्हणतात. मला खरं वाटत नाही. पण आता खोटंही म्हणवत नाही." मग म्हणाली, "तुम्ही विचारायचात तेव्हा सांगावंसं वाटायचं. पण मराठी बंद होती. आणि इंग्रजीत मला मांजर किचनमध्ये आहे एवढंच सांगता येत होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंडी खाते म्हणून मी हिला हसत होते. दौलत जगदाळ्यांवर जे जे लिहिलंय ते वर तसंच राहू देते. परत वाचलं की मला माझी अक्कल कळेल.

निघताना मालनला म्हटलं, "सोमवारपासून ये. साहेबाचं मी बघते." काय बघणार आहे ते मलाच ठाऊक नव्हतं. पण आता माघार नाही.


सोमवार, १८ ऑक्टोबर

वर्गाला जरा लवकर गेले आणि सगळंच उघड झालं. विहिरीच्या कठड्यावर मालन खडूने लिहीत होती, एकीकडे इंग्रजी, एकीकडे मराठी, आणि भोवती सात-आठ बायका. म्हणजे ऑगस्टपासून हाच माझा चमत्कार! मी ओटीवर दाखवायचं, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी विहिरीवर मराठीत समजून घेऊन यायचं. मालन एकदम घाबरली. गोदूबाई मात्र म्हणाल्या, "आमी तुला फसवली नाय. तुजा नेम ओटीवरचा. इहिरीवर तुजा नेम कुटं लिवलाय?"

आधी राग आला. मग फळ्याशी गेले आणि कोपरा पुसून टाकला. ओल्या फडक्याने पुसला, खूण राहायला नको म्हणून.

माझी पद्धत चुकीची नाही. ते मी कोणाच्या बापाला कबूल करणार नाही. बोलून बोलूनच भाषा येते. पण विहिरीची दहा मिनिटं आता ओटीवर येतील, मालनसकट. आधी मराठीत काय अडलंय ते सांगायचं, मग तासभर फक्त इंग्रजी. उद्यापासून मालन माझी मदतनीस.


बुधवार, ३ नोव्हेंबर

दिवाळी झाली, वर्ग पुन्हा भरला. आता रोज खोटी मुलाखत. साहेब होतात गोदूबाई. काळुरामशेठची टोपी घालतात, पायावर पाय टाकतात आणि असे वाकडे प्रश्न विचारतात की खरा साहेब त्यांच्यापुढे गरीब वाटेल. "व्हाय यू वाँट जॉब? यू हॅव हाऊस, यू हॅव सासू!" मालन हसून उत्तर देते, न अडखळता. चुकलं तरी थांबत नाही. मला हेच हवं होतं.

नावाचं काय करायचं ते आम्ही आज मराठीत ठरवायला बसलो. नवसाला हात लावायचा नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. तुळसा म्हणाली, खोकल्याचं सोंग कर. गोदूबाई म्हणाल्या, बहिरी झालीस असं दाखव. टेलिफोनवाली बहिरी! शेवटी मालनच म्हणाली, "बाई, 'इट इज ऑन द टेबल' हे आपण दोन आठवडे घोटलं होतं ना? त्यातलंच एक वाक्य मी करते." काय ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तिने स्वतः केलेलं पहिलं वाक्य असेल तर ते तिचंच राहू दे.


गुरुवार, ९ डिसेंबर

मुलाखत झाली. मी शाळेला रजा टाकून तिच्याबरोबर मुंबईला गेले होते. बाहेर बाकावर बसून मी मनातल्या मनात तिची उत्तरं देत होते. बाकीच्या मुली कॉन्व्हेंटच्या, भराभर बोलणाऱ्या, टाचांच्या चपला टपटपवणाऱ्या. मालन गोदूबाईंचं हिरवं लुगडं नेसून आली होती, शकुनाचं म्हणून.

बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. स्टेशनकडे चालताना सगळं सांगितलं. साहेब दोन आणि एक मडम. नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मग मडमने विचारलंच, "युवर हजबंड्स नेम?"

"मग?"

"मी म्हटलं, 'इट इज ऑन द पेपर, मॅडम. प्लीज रीड इट.' तिने अर्ज बघितला आणि मोठ्याने वाचलं. मी म्हटलं, 'येस मॅडम. दॅट इज ही.' एक साहेब हसायला लागला. त्याने मडमला काहीतरी समजावलं, आपल्या बायका नाव घेत नाहीत असं काहीसं. मडम म्हणाली, 'हाऊ विल यू वर्क ऑन द टेलिफोन, इफ यू कॅनॉट से अ नेम?' मी म्हटलं, 'आय कॅनॉट से वन नेम, मॅडम. आय विल से ऑल द अदर नेम्स.'"

मी रस्त्यातच उभी राहिले. हे वाक्य मी शिकवलेलं नाही. गोदूबाईंनी नाही, विहिरीनेही नाही. भर रस्त्यात तिला मिठी मारली, लोक बघत होते, बघू देत.


सोमवार, ३ जानेवारी १९५५

मालनची नेमणूक झाली! कल्याणच्याच एक्स्चेंजमध्ये. गोदूबाईंनी सगळ्यांना साखर वाटली आणि नळावर जाऊन मद्रासी बिऱ्हाडांना इंग्रजीत बातमी सांगितली. भांडणासाठी शिकलेलं इंग्रजी पहिल्यांदा गोड बोलायला वापरलं. रंगूबाईंनी मला वाकून नमस्कार करायला घेतला, मी कसंबसं त्यांना आवरलं.

शब्द पाळला. आज गाढ झोप लागेल.


रविवार, २० फेब्रुवारी

मालन भेटायला आली होती. आता ट्रंक बोर्डावर बसते, लांबच्या गावांचे फोन जोडते. तिथे एक नियम आहे: गिऱ्हाईकाने एखाद्या माणसाच्या नावाने फोन मागितला, त्याला पी.पी. कॉल म्हणतात, तर ऑपरेटरने ते पूर्ण नाव आधी गिऱ्हाईकाला आणि मग पुढच्या गावच्या ऑपरेटरला मोठ्याने म्हणून दाखवायचं. पाठीमागे सुपरवायझर उभी असते. न म्हटल्यास शेरा.

मग म्हणाली, "बाई, अकरा मार्चला त्यांच्या छातीचा फोटो निघणार आहे. साफ निघाला तर घरी सोडतील. त्या दिवशी मला ड्यूटी आहे, रजा मिळत नाही. तिथल्या ऑफिसात विचारलं तर कारकून धड सांगत नाही. तुम्ही नाक्यावरच्या डॉक्टर कर्णिकांच्या दवाखान्यातून त्यांच्याच नावाने फोन मागाल? दुपारी मी बोर्डावर असेन."

मी म्हटलं, "अगं, तुला नाव घ्यावं लागेल."

"ठाऊक आहे."

"आणि नवस?"

पदराचं टोक तिच्या बोटाला नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. म्हणाली, "दीड महिना रोज दुसऱ्या बायकांच्या नवऱ्यांची नावं घेतेय. कोणाला काही झाल्याचं ऐकलं नाही. आणि देवीला मी काल सांगून आले. बरे झालेत की नाही हे विचारण्यापुरतं घेईन, म्हटलं. तिला चालेल."


शुक्रवार, ११ मार्च

दुपारी डॉक्टर कर्णिकांकडे गेले. ते जेवायला आत गेले होते, कंपाउंडरने फोन माझ्याकडे सरकवला. रिसीव्हर उचलला.

"नंबर प्लीज." तिचाच आवाज. मी शिकवलेल्यापेक्षा कितीतरी चांगला.

"ट्रंक कॉल," मी म्हटलं आणि नाशिकच्या दवाखान्याचा नंबर दिला. "पर्टिक्युलर पर्सन." "मिस्टर दौलत जगदाळे."

मला तिच्या मागची बोर्डावरची खटखट ऐकू येत होती, शेजारच्या मुली नंबर मागत होत्या. मला वाटलं, हे आपण करायला नको होतं, तिला करू द्यायला नको होतं. ठेवून द्यावा फोन. मी तसं म्हणणारच होते.

"मिस्टर दौलत जगदाळे," मालन म्हणाली. स्पष्ट, एकेक अक्षर सुटं. "प्लीज वेट. आय विल कॉल यू."

वाट बघत बसले. अर्जंट नव्हे, ऑर्डिनरी कॉल, त्यामुळे घटकाभर तरी लागणार होता. डॉक्टर जेवून आले, रोगी आले, गेले. अखेर घंटी वाजली. मला आता सगळं ऐकू येत होतं: मालनचा आवाज, नाशिकच्या ऑपरेटरचा, आणि मालन पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठ्याने, "पर्टिक्युलर पर्सन, दौलत जगदाळे. येस. दौलत." मग खूप वेळ खरखर. कोणीतरी कोणालातरी बोलवायला गेलं. चपलांचा आवाज.

आणि पुरुषाचा आवाज, थोडा धापा टाकणारा, "हॅलो? हॅलो, मी दौलत बोलतोय. कोण आहे?"

नाव घेतलं, आणि नावाने ओ दिली.

मी पटकन म्हटलं, "मी मालनची बाई. फोटोचं काय झालं?"

"साफ आहे! साफ आहे, बाई! पुढच्या महिन्यात सोडतायत. मालनला सांगाल?"

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा, लाईनवरच आहे ती." फोन तीन मिनिटांचा होता, बरीचशी शिल्लक होती. मी रिसीव्हर कानापासून काढला आणि मांडीवर पालथा ठेवला. ऑपरेटरने मध्ये बोलायचं नसतं, नियम आहे. सुपरवायझर मागे उभी असेल. ती बोलली की नाही, बोलली तर मराठीत की इंग्रजीत, मला माहीत नाही. मी ऐकलं नाही.

रिसीव्हर मांडीवर गरम लागत होता. कंपाउंडर माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता. तो म्हणाला, "बाई, फोन चालू राहिलाय."

मी म्हटलं, "राहू दे."